आग विझवणाऱ्यांची तपासणी कुणी करायची?

पोलिसांवर टीका करायला आपल्याला फार विचार करावा लागत नाही. नगरपालिकेवर तर नाहीच. पण बंबवाल्यांबद्दल बोलताना आपण जरा थबकतो. जो माणूस आपल्यासाठी आगीत शिरतो, त्याला ‘तुम्ही काम नीट करता का?’ असं विचारायचं कसं? ब्रिटनने या प्रश्नाचं उत्तर दोनदा शोधलं, आणि मधल्या काळात इंग्लंडने ते एकदा गमावलंही. तो इतिहास आज आपण पाहणार आहोत. त्यातही आपलं लक्ष स्कॉटलंडकडे अधिक राहील, कारण तिथे आज संपूर्ण देशाचं मिळून एकच अग्निशमन दल आहे.

सुरुवातही तिथलीच. १८२४ मध्ये एडिंबरोने जेम्स ब्रेडवूड या चोवीस वर्षांच्या तरुणाच्या हाताखाली शहराचं स्वतःचं दल उभं केलं. त्याआधी आगी विझवण्याचं काम मुख्यतः विमा कंपन्यांच्या पथकांकडे होतं. पथक नीट चाललं आहे की नाही, हे कंपनी पाहायची, कारण नुकसान तिच्या खिशातून जायचं. दल शहराचं झालं तेव्हा मोठीच सुधारणा झाली. पण बाहेरून पाहणारा तो डोळा मात्र राहिला नाही. गावाचं दल, आणि पाहणारंही गावच.

हे चालून गेलं, कारण आग सहसा गावाची वेस ओलांडत नव्हती. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांनी ती ओलांडली. एका शहराच्या मदतीला दुसऱ्या शहराचे बंब धावले, आणि तिथे पोचल्यावर कळलं की यांच्या नळीचा जोड त्यांच्या नळाला बसत नाही. हुद्दे वेगळे, हुकूम देण्याची पद्धत वेगळी. शेवटी ऑगस्ट १९४१ मध्ये सरकारने सोळाशेहून अधिक स्थानिक दलं एकत्र करून राष्ट्रीय अग्निशमन सेवा स्थापन केली. युद्ध संपलं की दलं परत देऊ, असं गृहमंत्री हर्बर्ट मॉरिसन यांनी कबूल केलं होतं. १९४७ च्या कायद्याने ती स्थानिक संस्थांकडे परत गेली, पण सुटी सोडली नाहीत. त्याच कायद्यात राजाने नेमलेल्या निरीक्षकांची तरतूद झाली. स्थानिक संस्था आपलं काम कसं करतात याची माहिती काढायची, हे त्यांचं काम. त्यांच्या हातात मोजपट्टीही होती. मोठ्या शहराच्या दाट भागात दोन बंब पाच मिनिटांत आणि तिसरा आठ मिनिटांत पोचला पाहिजे. दूरच्या खेड्यात एक बंब वीस मिनिटांत. पोचतो की नाही? एवढा साधा प्रश्न, पण तो विचारणारा बाहेरचा होता.

आता साधा प्रश्नही अवघड का होतो, ते पाहू. २८ मार्च १९६० च्या रात्री ग्लासगोच्या चीपसाइड स्ट्रीटवर व्हिस्कीच्या गोदामाला आग लागली. आतल्या पिंपांचा स्फोट झाला, भिंती बाहेरच्या बाजूला कोसळल्या आणि १९ माणसं गेली. अग्निशमन दलाचे १४, आणि विमा कंपन्यांच्या माल वाचवणाऱ्या पथकाचे ५. बारा वर्षांनी, १९७२ मध्ये, त्याच शहरात किलबर्नी स्ट्रीटवर आणखी सात जवान गेले. आत अडकलेल्या सोबत्याला सोडवताना. ज्या दलाने इतकं दिलं, त्याच्याविषयी लोकांच्या मनात आदर असणारच. आपणही मुंबई गोदीच्या स्फोटात गेलेल्या ६६ जवानांसाठी दर १४ एप्रिलला मान झुकवतो. तो मान योग्यच आहे. अडचण तिथे होते, जिथे या आदराच्या आडोशाला कारभार जाऊन बसतो. जवानाचं शौर्य आणि कार्यालयाची शिस्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली पुष्कळ असली म्हणून दुसरी असेलच असं नाही.

इंग्लंडमध्ये काय झालं? २००४ च्या कायद्यानंतर देशभराची ती मिनिटांची मोजपट्टी गेली. ज्याने त्याने आपल्या भागातला धोका ओळखून आपापली योजना करायची, असं ठरलं. २००७ मध्ये निरीक्षणालय गेलं आणि त्याच्या जागी सरकारचा सल्लागार आला. काही काळ लेखापरीक्षण आयोग कामगिरी पाहत होता. २०१५ मध्ये तोही बंद झाला. उरलं काय, तर एका दलाच्या लोकांनी दुसऱ्या दलाकडे जाऊन पाहायचं. म्हणजे पाहुणे म्हणून आलेल्यांनी यजमानाच्या घरातली जळमटं मोजायची! आपण ती मोजतो का?

२०१६ मध्ये गृहमंत्री थेरेसा मे यांनी या सेवेला स्वतंत्र निरीक्षण नाही हे उघड बोलून दाखवलं. जानेवारी २०१७ मध्ये कायदा झाला. पोलिसांची तपासणी करणाऱ्या संस्थेकडेच हे काम जायचं होतं. ती जुलैमध्ये सुरुवात करणार, तोवर १४ जूनच्या पहाटे लंडनचा ग्रेनफेल टॉवर पेटला. ७२ माणसं गेली. निरीक्षक असते तर ती वाचली असती, असं आम्ही म्हणणार नाही. इमारतीवरच्या ज्वलनशील आवरणाचा दोष निरीक्षकांच्या अनुपस्थितीवर टाकता येत नाही. पण रहिवाशांना घरातच थांबायला सांगण्याचा नियम किती वेळ पाळायचा आणि कधी मोडायचा, याची तयारी लंडनच्या दलाकडे नव्हती, हे २०१९ च्या चौकशी अहवालात आलं. तयारी नसणं हे आगीआधीही दिसू शकतं. मात्र पाहणारा हवा.

स्कॉटलंडमधली एक घटना याहून बोलकी आहे. जुलै २००८ मध्ये एअरशायरमधल्या गाल्स्टन गावात एक बाई रात्री घरी परतताना जुन्या खाणीच्या खचलेल्या विहिरीत पडली. दल आलं. एक जवान दोरावरून खाली तिच्यापर्यंत गेलाही. मग वरिष्ठांनी तो दोर वापरून तिला वर घ्यायला मनाई केली. साधन जवानांच्या सुरक्षेसाठी आहे, लोकांना काढण्यासाठी नाही, असा नियमाचा अर्थ लावला गेला. पोलिसांचं डोंगरी बचाव पथक येईपर्यंत सुमारे सहा तास ती आत होती. ती वाचली नाही. दलाने स्वतःची चौकशी स्वतः केली. २०११ मध्ये न्यायालयीन चौकशीत दलावर कडक ठपका आला, आणि सरकारने मुख्य निरीक्षकाला पाहायला सांगितलं. २०१२ च्या त्यांच्या अहवालात दलाच्या अंतर्गत चौकशीबद्दल स्पष्ट म्हटलं होतं, की तिचा भर स्वतःचं समर्थन करण्यावर होता. त्यानंतर दलाने माफी मागितली.

इथे दलातले लोक वाईट होते असं समजू नका. स्वतःच्या पाठीवरचा डाग स्वतःला दिसत नाही, एवढीच गोष्ट आहे.

पुढच्याच वर्षी, १ एप्रिल २०१३ ला, स्कॉटलंडमधली आठही दलं मिळून एक झाली. साडेतीनशेहून अधिक केंद्रं, त्यातली बहुसंख्य आपला पोटापाण्याचा धंदा सांभाळून हाकेला धावणाऱ्या लोकांवर चालणारी. आठ दलं होती तोवर निदान तुलना व्हायची. अमुक ठिकाणी जमतं, मग इथे का नाही, असं विचारता यायचं. दल एकच उरलं की देशात तुलनेलाच कुणी उरत नाही. म्हणून दल एकत्र करणाऱ्या त्याच २०१२ च्या कायद्याने निरीक्षकाचं पद पक्कं केलं. नेमणूक राजसत्तेकडून. तो दलाचा नोकर नाही. स्वतःहून चौकशी सुरू करू शकतो, केंद्रात जाऊ शकतो, कागद मागू शकतो.

पण हुकूम देऊ शकत नाही! दलाने अहवाल विचारात घ्यायचा आणि स्वतःला योग्य वाटतील ती पावलं उचलायची, एवढंच कायदा सांगतो. मग उपयोग काय, असं तुम्ही विचाराल. उपयोग हा की अहवाल सगळ्यांसमोर येतो. इंग्लंडच्या नव्या निरीक्षकांनी २०१९ मध्ये लंडनचं दल ग्रेनफेलनंतरही बदलायला फार वेळ लावतं आहे, असं लिहिलं. मार्च २०२३ मध्ये त्यांनी देशभरातल्या दलांमधली दमदाटी, वंशभेद आणि स्त्रियांना मिळणारी वागणूक यांवर अहवाल देऊन ३५ शिफारशी केल्या. या गोष्टी आतल्यांना ठाऊक नव्हत्या असं नाही. बोलायचं कुठे, हे ठाऊक नव्हतं.

आजवर अग्निशमनाचे बहुतेक धडे मेलेल्या माणसांनी शिकवले. पुढच्या आगीआधी तोच धडा कागदावर वाचता यावा, एवढ्याचसाठी निरीक्षक असतो. आणि तो कागद वाचायचं काम मात्र कुठल्याच कायद्याने निरीक्षकावर टाकलेलं नाही. ते नागरिकांचं, म्हणजे आपलं आहे.