चाकांवरचा गारवा

स्थावर वास्तूचे ग्रीष्मापासून रक्षण करण्याची विद्या दख्खनेत जुनी आहे; जाड भिंती, खोल ओसरी, चौकातला हौद आणि नेमक्या दिशेला काढलेल्या खिडक्या यांच्या बळावर मोठा वाडा वैशाखातही राहण्याजोगा होत असे. परंतु ज्या घराला चाके आहेत, ज्याचे छप्पर पातळ आणि भिंती लाकडाच्या वा पत्र्याच्या आहेत, आणि ज्याचे तोंड रूळ वळतील त्या दिशेला वळते, त्या घरात गारवा कसा आणावा, हा प्रश्न आपल्याकडे आगगाडीने प्रथम मोठ्या प्रमाणावर उभा केला. मुंबईहून निघणाऱ्या गाड्यांनी हा प्रश्न ज्या क्रमाने सोडवला तो क्रम पाहिला म्हणजे माझ्या मनाची खात्री होते, की कोणते साधन अधिक थंडावा देते यापेक्षा कोणत्या साधनाची शिदोरी वाटेत मिळू शकते, यावरच इथली प्रत्येक निवड ठरत गेली.

पहिली शिदोरी पाण्याची. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त बादशहाच्या आबदारखान्याचे वर्णन करताना शोऱ्याने पाणी गार करण्याची रीत सांगितली आहे, आणि वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपून उन्हाळ्यात थंडी निर्माण करणाऱ्या खसखान्याचाही उल्लेख केला आहे. पुढे कंपनी सरकारच्या अंमलदारांनी बंगल्यांसाठी आणि छावणीसाठी हीच तजवीज उचलली. दारात वाळ्याची ताटी बांधावी, तिच्यावर पाणी मारण्यास माणूस तैनात ठेवावा आणि पश्चिमेचा कोरडा वारा तिच्यातून आत घ्यावा, एवढाच तो सरंजाम होता.

1853 च्या एप्रिलमध्ये बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली, आणि 1865 पर्यंत बोर व थळ हे दोन्ही घाट पार करून लोहमार्ग देशावर चढला. मुंबईच्या दमट हवेतून निघालेला उतारू इगतपुरी ओलांडून खानदेशच्या भाजून काढणाऱ्या मैदानात शिरू लागला, तेव्हा डब्यांना दुहेरी छप्पर, खिडक्यांवर बाहेरून सावलीची झडप आणि झिलमिली हे उपाय आलेच. पण खरा कल्पक उपाय ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या पहिल्या वर्गात एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात आला. खिडकीच्या जागी वाळ्याचे एक वाटोळे चक्र बसवीत. त्याचा खालचा भाग पाण्याच्या पन्हळीत बुडलेला असे, आणि ते फिरवले की ओला भाग वर येऊन धावत्या गाडीचा वारा त्यातून गाळून आत येई. गाडीची गती, जी एरवी झळ आत आणत असे, तीच इथे पंख्याचे काम करी. या युक्तीला मी अत्यंत सुंदर मानतो, कारण तिला वाटेतल्या स्थानकावर पाणी भरण्यापलीकडे काहीच लागत नव्हते.

तिची मर्यादाही तितकीच स्पष्ट होती. पाण्याची वाफ होताना ते जेवढी उष्णता शोषते ती तेवढ्याच वजनाचा बर्फ वितळताना शोषलेल्या उष्णतेच्या सुमारे सातपट असते. म्हणजे शुद्ध हिशेबाने पाहता वाळा हा बर्फाहून श्रेष्ठ ठरावा. परंतु वाफ होण्यासाठी हवेला तहान असावी लागते. भुसावळच्या मे महिन्यात ती तहान असते, कोकणपट्टीत आणि पावसाळ्याच्या तोंडावर ती नसते. तेव्हा ओली ताटी डब्यात केवळ दमटपणा वाढवते आणि उतारूचा घाम वाळूही देत नाही.

म्हणून दुसरी शिदोरी आली, बर्फाची. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने 1833 साली ‘टस्कनी’ जहाजातून कलकत्त्यास गोठलेल्या तळ्यांचा बर्फ पाठविला, तेव्हा तो श्रीमंतांच्या मेजवानीचा पदार्थ होता. पुढे देशातच बर्फाचे कारखाने निघाल्यावर पहिल्या वर्गाचा प्रवासी जस्ताच्या परातीत लादी मागवून ती डब्यात पंख्याखाली ठेवू लागला. या घरगुती रीतीला शास्त्रशुद्ध रूप दिले ते बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेच्या फ्रंटियर मेलने. 1 सप्टेंबर 1928 रोजी सुरू झालेली ही गाडी मुंबईहून बडोदा, रतलाम, दिल्ली, लाहोर करीत थेट पेशावरास जाई. 1934 साली तिला जो शीतल डबा जोडला गेला, त्याच्या तळाखाली बंदिस्त पेट्यांत बर्फाच्या लाद्या रचलेल्या असत, बॅटरीवरचा पंखा हवा त्या पेट्यांतून फिरवून झरोक्यांवाटे आत सोडी, आणि ठरलेल्या स्थानकांवर वितळलेल्या लाद्यांच्या जागी नव्या भरल्या जात. त्यासाठी मार्गभर कारखान्यांपासून हमालांपर्यंत जो बंदोबस्त लागला असेल, तो त्या डब्याइतकाच थोर मानला पाहिजे.

त्याच सुमारास अमेरिकेतील रेल्वे कंपन्यांपुढे तीन पर्याय एकाच वेळी उभे होते: बर्फाचा, इंजिनाच्या वाफेवर चालणाऱ्या निर्वात यंत्राचा, आणि विद्युत वा आसाच्या गतीवर चालणाऱ्या दाबयंत्राचा. सँटा फे कंपनीने वाफ पत्करली, कारण वाफ तिच्या गाडीत होतीच. इतरांनी आपापल्या सोयीने इतर मार्ग धरले. बर्फाची व्यवस्था सर्वांत साधी. तिला यंत्र जवळजवळ नाही, पण तिचे ओझे अपार. वातानुकूलनाची शक्ती आजही ज्या ‘टना’त मोजतात त्याचे मूळ याच हिशेबात आहे: चोवीस तासांत एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारे 907 किलो बर्फ वितळवण्यास लागणारी उष्णता काढून घेणे म्हणजे एक टन, ताशी 12,000 ब्रिटिश उष्णता एकके. मोठ्या प्रवासी कॅरॅव्हॅनच्या छपरावर 13,500 वा 15,000 एककांचे यंत्र बसवणारा आजचा गृहस्थही नकळत बर्फाच्याच मापाने खरेदी करतो.

1936 च्या सुमारास आपल्याकडे यंत्राने थंड होणारे डबे आले, आणि तिसरी शिदोरी, म्हणजे वीज, हा मुख्य विचार बनला. डब्याच्या आसावरून पट्ट्याने जनित्र फिरवावे, जादा वीज बॅटऱ्यांत साठवावी आणि गाडी उभी असता ती वापरावी, ही रचना स्वावलंबी खरी. पण गाडी स्थानकात खोळंबली की बॅटरी उतरू लागते, आणि तो सगळा भार इंजिनालाच ओढावा लागतो. 1956 साली हावडा-दिल्ली मार्गावर संपूर्ण वातानुकूलित गाडी निघाली, 1969 च्या मार्चमध्ये राजधानी एक्सप्रेस आली, तेव्हा टोकांना डिझेल जनित्रांचे स्वतंत्र डबे जोडून साऱ्या गाडीला वीज पुरवण्याचा मार्ग पत्करला गेला.

या सर्व काळात बहुसंख्य रयतेला काय मिळाले, हे न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. गांधीजींनी 1917 साली तिसऱ्या वर्गाच्या हालांवर जे लिहिले त्यात गर्दी आणि घाण आहे. गारव्याची मागणी करण्याइतकी त्या उतारूची ऐपतच धरली जात नव्हती. त्याचा थंडावा म्हणजे स्थानकावरच्या पाणीवाल्याची घागर. तिसरा वर्ग 1974 साली बंद झाला, आणि सामान्य कुटुंबाला परवडू शकेल असा वातानुकूलित तीन-स्तरीय शयनडबा यायला 1993 साल उजाडावे लागले. हा विलंब तंत्राचा नव्हता, तो प्राधान्याचा होता, आणि मला तो आजही सलतो.

आजच्या वातानुकूलित डब्यांत यंत्र तळाखालून छपरावर गेले आहे. प्रत्येक डब्याच्या दोन टोकांना सुमारे सात-सात टनांची दोन यंत्रे असतात. एक बिघडले तरी दुसरे डबा सर्वस्वी तापू देत नाही, आणि धूळ, चिखल, उडणारे खडे यांपासून दोन्ही दूर राहतात. ही दोन्ही यंत्रे चोवीस तास पूर्ण शक्तीने चालली, तर जुन्या रीतीने त्यांच्या बरोबरीला सुमारे 12,700 किलो बर्फ लागला असता. आता अनेक गाड्यांत ती वीज विद्युत इंजिनामार्फत वरच्या तारेतूनच घेतली जाते, त्यामुळे टोकांच्या जनित्रांची गरज उरत नाही.