वीस मिनिटांचा वाद्यवृंद

गवयाला पहाटेच्या रियाजाला तंबोरा पुरतो. व्हायोलिनवाला पेटी उघडतो आणि हनुवटीखाली वाद्य धरतो. वाद्यवृंदाच्या कंडक्टरचं वाद्य म्हणजे मात्र सत्तर-ऐंशी पगारी माणसं. ती घरी आणून रियाज करता येत नाही, आणि ज्याला अनुभव नाही त्याच्या स्वाधीन कुणी ती करत नाही. मग अनुभव यायचा कुठून?

युरोपात याला एक जुनी वाट होती. ऑपेराघरात नोकरी धरायची, पियानोवर बसून गायकांच्या तालमी घ्यायच्या, थोरल्यांच्या हाताखाली वर्षं काढायची आणि संधीची वाट पाहायची. कधी ती अचानक यायचीही. 1886 साली रिओ दी जानेरोत ‘आयदा’च्या खेळाला कंडक्टरवरून गोंधळ माजला, तेव्हा चेलो वाजवणाऱ्या 19 वर्षांच्या आर्तुरो तोस्कानिनीला पुढे ढकललं गेलं. त्यानं अख्खा ऑपेरा तोंडपाठ चालवला. पण तोस्कानिनी निदान त्या घराच्या आत होता. जो दाराबाहेर होता, दुसऱ्या खंडात होता, त्याचं काय?

ते दार स्पर्धांनी उघडलं. दुसरं महायुद्ध संपल्यावर फ्रान्सच्या पूर्व सरहद्दीजवळच्या बेझाँसों या घड्याळं बनवणाऱ्या गावानं 1948 मध्ये संगीत महोत्सव सुरू केला. दिनू लिपाती या असाध्य आजारी पियानोवादकानं 1950 च्या सप्टेंबरात आपली शेवटची मैफल इथेच केली. शोपँचे चौदा वॉल्ट्झ वाजवायचे होते, तेरांवर हात थांबले. पुढच्याच वर्षी, 1951 मध्ये, या महोत्सवानं तरुण कंडक्टरांसाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवली. आजही ती चालू आहे.

या स्पर्धेत नेमकं काय तपासतात, ते जवळून पाहण्यासारखं आहे. उमेदवार चौथऱ्यावर चढतो. समोर त्यानं कधी न पाहिलेला वाद्यवृंद असतो आणि हातात फार तर वीस मिनिटं. वादकांसमोरच्या स्वरलिपीत मुद्दाम चुका पेरून ठेवायच्या, ही बेझाँसोंची जुनी चाचणी. समजा, दुसऱ्या हॉर्नचा एक स्वर अर्ध्या स्वरानं चढवला आहे. सगळी वाद्यं एकदम गर्जत असताना तो कानाला खटकला पाहिजे, आणि हात थांबवून कोणत्या ओळीत, कोणत्या जागी काय चुकलं ते सांगता आलं पाहिजे. त्यातही खरी पारख थांबण्याची असते. दर चार ओळींना थांबणारा वादकांना नकोसा होतो, आणि अजिबात न थांबणाऱ्याला काही ऐकूच आलेलं नसतं. चौथऱ्यावर उभा असलेला स्वतः एकही स्वर काढत नाही. परीक्षकांना त्याचं संगीत ऐकू येतं ते दुसऱ्यांच्या हातांतून.

लिव्हरपूलच्या फिलहार्मोनिक वाद्यवृंदानं 1958 मध्ये जॉन प्रिचर्ड यांच्या पुढाकारानं अशीच स्पर्धा घेतली. पहिला आला मुंबईचा 22 वर्षांचा झुबिन मेहता.

मुंबई म्हणजे इथे कफ परेडचं एक पारशी घर. वडील मेहली मेहता व्हायोलिनवादक. त्यांनी 1935 मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. त्यात पारशी होते, आणि पुढे हिंदी चित्रपटसंगीताला ज्यांनी सूर पुरवले त्या गोव्याच्या वादकांचीही मोठी साथ होती. झुबिन पोरवयातच या वृंदाच्या तालमी घेऊ लागला. डॉक्टरकीच्या वाटेवरचं सेंट झेवियर्समधलं शिक्षण सोडून 1954 मध्ये तो व्हिएन्नाला गेला आणि हान्स स्वारोवस्की यांचा शिष्य झाला.

व्हिएन्नात मोठ्या कंडक्टरांच्या तालमी बाहेरच्यांना बंद असायच्या. मेहता आणि त्याचा मित्र क्लाउदिओ अब्बादो यांनी त्यावर तोड काढली. दोघं तिथल्या समूहगायकांत भरती झाले, खर्जातल्या गायकांच्या रांगेत उभे राहिले, आणि गात गात ब्रूनो वॉल्टर आणि कारायान यांचे हात समोरून पाहत राहिले. प्रेक्षकाला कंडक्टरची पाठ दिसते, गायकाला चेहरा. ही पोरं शिकली ती त्या चेहऱ्यांवरून.

लिव्हरपूलचं बक्षीस होतं वर्षभराचं सहायक कंडक्टरपद. त्याच सुमारास मेहली मेहता जेमतेम पन्नास किलोमीटरवर, मँचेस्टरच्या हाले वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवत होते. मुंबईत वाद्यवृंद उभा करणारा बाप परमुलखात वादकांच्या खुर्चीत, आणि शेजारच्या शहरात मुलगा चौथऱ्यावर, हे चित्र मनातून हलत नाही. चारच वर्षांत, 1962 मध्ये, मुलगा लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचा प्रमुख झाला होता.

लिव्हरपूलनंतर वर्षभरानं बेझाँसोंला एक जपानी तरुण पोहोचला, सेइजी ओझावा. रग्बी खेळताना बोटं मोडली म्हणून पियानो सुटलेला. मालवाहू बोटीनं तो मार्सेयला उतरला आणि सोबत आणलेल्या स्कूटरवर, पाठीला गिटार अडकवून, पॅरिसला गेला. स्पर्धेची बातमी लागली तोवर अर्जाची मुदत उलटली होती. पॅरिसमधल्या अमेरिकन वकिलातीनं शब्द टाकला, प्रवेश मिळाला, आणि 1959 चं पहिलं बक्षीस त्यानं घेतलं. तिथून बोस्टन सिंफनीचे कंडक्टर शार्ल म्युन्श यांनी त्याला अमेरिकेत टँगलवूडला बोलावलं. पुढे त्याच बोस्टन सिंफनीचं नेतृत्व ओझावांनी 1973 पासून 29 वर्षं केलं.

पण परदेशातलं बक्षीस घरी चालेलच असं नव्हतं. 1962 च्या डिसेंबरात टोकियोच्या एनएचके वाद्यवृंदानं ओझावांच्या हाताखाली वाजवायला नकार दिला. त्या वेळचं छायाचित्र प्रसिद्ध आहे: रिकाम्या सभागृहात ओझावा एकटेच.

बायकांना तर जिंकूनही वाट मोकळी मिळाली नाही. स्वित्झर्लंडच्या सिल्विया काडुफ यांनी 1966 मध्ये न्यूयॉर्कची मित्रोपुलोस स्पर्धा जिंकली आणि त्या बर्नस्टाइनच्या सहायक झाल्या. त्यांना एका शहराचं प्रमुख संगीत संचालकपद मिळालं ते 1977 मध्ये, जर्मनीतल्या झोलिंगेनला. जर्मनीत या पदावर बसलेल्या त्या पहिल्या स्त्री. मेहता चार वर्षांत लॉस एंजेलिसला पोहोचले, काडुफना अकरा वर्षं लागली. या तफावतीचं कारण हातांत किंवा कानांत शोधण्यात अर्थ नाही. अब्बादोंच्या सहायक राहिलेल्या क्लेअर जिबो यांनी पॅरिसमध्ये फक्त स्त्रियांसाठी ‘ला माएस्त्रा’ ही स्पर्धा सुरू केली. तिची पहिली फेरी झाली ती थेट 2020 मध्ये.

दरम्यान नव्या जागा उभ्या राहिल्या. कोपनहेगनची माल्को स्पर्धा 1965 पासूनची, बांबर्गची माहलर स्पर्धा 2004 ची. बांबर्गला पहिल्याच वर्षी व्हेनेझुएलाचा गुस्तावो दुदामेल जिंकला, आणि 2009 मध्ये मेहतांच्या जुन्या जागी, लॉस एंजेलिसला, प्रमुख म्हणून उभा राहिला. बेझाँसोंही आता उमेदवारांना गावात येण्याआधीच तपासतं. वेगवेगळ्या देशांत चाचण्या होतात आणि तिथे वाद्यवृंदाच्या जागी दोन पियानोवादक असतात. उमेदवारानं त्या दोन वादकांतच बासऱ्या, ट्रम्पेटं, नगारे ऐकायचे.

मेहली मेहतांचा वृंद त्यांच्यामागे टिकला नाही. मुंबईला कायमचा व्यावसायिक वाद्यवृंद मिळाला तो 2006 मध्ये, नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला तेव्हा. 2023 च्या ऑगस्टमध्ये 87 वर्षांचे झुबिन मेहता त्याच्या चौथऱ्यावर उभे राहिले.