कराची–मुंबई : एका हवाई अंतराचा हिशेब

नकाशावर कराची आणि मुंबई या दोन विमानतळांच्या मध्ये सरळ रेघ ओढली, तर अंतर भरतं सुमारे ८७५ किलोमीटर. जेट विमानाला दीड तासाचं काम. हे अंतर काही बदललेलं नाही. ते कापायला लागणारा वेळ मात्र आधी घटला आणि मग पुन्हा वाढला. तो का वाढला, हे आपल्याला पाहायचं आहे.

१९३२ सालात जाऊ. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होतं. सिंध वेगळा झाला तो १९३६ मध्ये. लंडनहून निघालेलं टपाल इंपीरियल एअरवेजची विमानं कराचीपर्यंत आणत. तिथून पुढे आगगाडी, सिंध-राजपुतान्याचा वळसा घेत. हा वळसा तोडण्यासाठी १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा कराचीच्या ड्रिग रोडवरून ‘पस मॉथ’ घेऊन निघाले. एका इंजिनाचं इवलंसं विमान, रेडिओ नाही, सोबतीला टपालाच्या थैल्या. सकाळी साडेसहाच्या सुमारास उड्डाण. वाटेत अहमदाबादला उतरून इंधन भरलं, आणि गंमत बघा, ते इंधनाचे डबे आले होते बैलगाडीतून! दुपारी दोनच्या आत विमान जुहूला उतरलं. म्हणजे साधारण सव्वासात तास. पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. जुहूची धावपट्टी पावसाळ्यात पाण्याखाली जायची, म्हणून ते चार महिने कारभार पुण्याला, येरवड्याला हलवावा लागे.

पुढे जेट आलं आणि सात तासांचे दीड झाले. इथपर्यंतची गोष्ट यंत्रांची आहे, आणि ती आपण सगळेच कौतुकाने सांगतो. त्यानंतरची सांगायला आपल्याला तितकासा उत्साह नसतो.

१९७१ च्या युद्धात दोन देशांमधली विमानं थांबली, ती १९७६ मध्ये सुरू झाली. २००२ च्या आरंभी पुन्हा बंद, २००४ मध्ये पुन्हा सुरू. मधल्या काळात, १९८२ साली, ७८ वर्षांच्या जेआरडींनी त्याच तारखेला तोच प्रवास जुन्या धाटणीच्या ‘लेपर्ड मॉथ’मधून पुन्हा केला. तेव्हा सरहद्द ओलांडावी लागत होती, पण वाट होती. २०१७ मध्ये पीआयएने कराची–मुंबई सेवा थांबवली, आणि आता थेट विमान नाही.

आज जायचं तर दुबईमार्गे. कराची–दुबई सुमारे १,१९० किलोमीटर, दुबई–मुंबई १,९३० च्या आसपास. ८७५ चे झाले ३,१०० हून अधिक! दोन उड्डाणांचे पाच तास आणि मधला मुक्काम धरला, की आपण थेट पस मॉथच्या सव्वासात तासांवर येऊन पोचतो, कधी त्याच्याही पुढे. व्हिसासाठी जाणारे दिवस यात धरलेलेच नाहीत.

कराचीत आजही काही मराठी कुटुंबं आहेत, गणपती बसवतात. त्यांना मुंबईला नातेवाइकांकडे यायचं झालं, तर आधी पश्चिमेला, आखाताकडे जावं लागतं.