सेब्राइटची किनार आणि तिची किंमत

सेब्राइट हा इंग्लंडात घडवलेला शोभेचा बँटम, म्हणजे ठेंगण्या कोंबडीची जात. नराचे वजन जेमतेम 620 ग्रॅम, मादीचे त्याहून शंभरेक ग्रॅमने कमी. सोनेरी किंवा रुपेरी अंगावरच्या प्रत्येक पिसाला काळी, बारीक, अखंड किनार असते. नराच्या मानेवर टोकदार पिसे नसतात आणि शेपटीत विळ्यासारखी वळलेली लांब पिसेही नसतात. पिसाऱ्यावरून नर-मादी ओळखता येऊ नयेत, हाच या जातीचा मान. पाळणारे मात्र हिला नाजूक म्हणतात. अंडी मोजकी, त्यातली बरीच वांझ, कोंबडी क्वचितच खुडूक होणारी, पिल्ले पहिल्या काही आठवड्यांत दगावणारी. एवढासा जीव, तो नाजूक असणारच, असे सहज वाटते. पण नानकिन बँटमही लहानच, आणि त्याच्या कोंबड्या इतर पक्ष्यांची अंडीसुद्धा नेटाने उबवतात. सेब्राइटच्या दुबळेपणाचे मूळ आकारापेक्षा तिच्या घडणीच्या इतिहासात अधिक सापडते.

ही जात घडवणारे सर जॉन सेब्राइट (1767–1846) हे जमीनदार आणि हर्टफर्डशायरचे खासदार. 1809 साली त्यांनी निसर्गशास्त्रज्ञ सर जोसेफ बँक्स यांना उद्देशून पाळीव प्राण्यांच्या वाणसुधारणेवर एक पत्रवजा पुस्तिका छापली. जवळच्या नात्यात पिढ्यानपिढ्या जोड लावत गेल्यास काय होते, हे त्यांनी कुत्रे, कोंबड्या आणि कबुतरांवर करून पाहिले होते. दणकट स्पॅनियल मांडीवर बसवण्याजोगे दुबळे झाले. कोंबड्यांचे पाय लांबले, अंग आक्रसले, प्रजननशक्ती खालावली. याच माणसाच्या नावाच्या कोंबडीवर पुढे नेमके तेच संकट यावे, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. सुमारे 1810 साली या एकाच जातीसाठी क्लब निघाला आणि लंडनच्या एका कॉफीगृहात दरवर्षी पक्ष्यांची पारख होऊ लागली. पारख होणार किनारीची आणि शेपटीची. अंडी किती फुटली, हे परीक्षकाच्या टेबलावर दिसत नाही. जे दिसते त्याचीच निवड होते आणि जे दिसत नाही ते हळूहळू गळते.

याचा पुरावा डार्विनने 1868 च्या ग्रंथात नोंदवला आहे. सेब्राइटांच्या मूळ वंशातले रुपेरी बँटम त्याने पाहिले, ते जवळपास संकरज प्राण्यांइतके वांझ झाले होते. त्या हंगामात दोन भरगच्च घरट्यांतून एकही पिल्लू निघाले नव्हते. ह्युइट नावाच्या जाणकाराचे निरीक्षणही त्याने दिले आहे: नराच्या शेपटीतली मुख्य दोन पिसे अर्ध्या इंचाने जरी लांब असली, तरी तो फलदायी ठरण्याची शक्यता वाढते. म्हणजे प्रदर्शनात मागे पडणारा कोंबडाच वंश चालवण्याच्या कामाचा.

यावर कोणी म्हणेल, की मग दोष मादीसारख्या पिसाऱ्याचाच आहे, नात्यातल्या जोडीचा कशाला? प्रश्न रास्त आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात आनुवंशशास्त्रज्ञ टी. एच. मॉर्गन यांनी सेब्राइट नरांची वृषणे काढून पाहिली, तेव्हा त्यांना चक्क कोंबड्याची झळझळीत पिसे फुटली. पुढे उलगडा झाला, की या पक्ष्यांच्या त्वचेतच नर-संप्रेरकाचे मादी-संप्रेरकात रूपांतर होते. त्यामुळे पिसाऱ्याचा गुण प्रजननाला अगदीच निरुपद्रवी आहे, असे मी म्हणणार नाही. पण हा गुण असलेले नर वंश चालवतातच, नाहीतर जात दोनशे वर्षे टिकलीच नसती. एका गुणामुळे काही नर कमी पडले असते. पिल्लांचे दगावणे तेवढ्याने समजत नाही. त्याच गुणाच्या हट्टापायी मूठभर पक्ष्यांतच जोड लावत राहिल्याने ते जास्त पटते.

दुसरा आक्षेप शौकिनांचा: कडक मापदंड नसता तर ही जात उरलीच नसती. किनारीपुरते ते खरे आहे. पण जाणते पाळणारे आजही प्रदर्शनाचा नर आणि जोडीचा नर वेगळे ठेवतात, थोडी लांब शेपटी चालवून घेतात, दूरच्या घराण्यातला पक्षी मिळवतात. बाकीची निगाही त्याच समजुतीने करावी लागते. पिल्लांना मॅरेक्स रोगाची लस पहिल्याच दिवशी द्यायची, अंडी दुसऱ्या जातीच्या खुडूक कोंबडीखाली किंवा यंत्रात ठेवायची, खुराडे कोरडे ठेवायचे आणि वरून जाळीने झाकायचे, कारण उडण्यात मात्र हा पक्षी कुठेच कमी नाही.