दार कुणी बंद केले?

स्वतःला खोलीत, पिंजऱ्यात किंवा काचेच्या पेटीत कोंडून घेणाऱ्या कलाकारांचा विषय निघाला की एक मत हमखास पुढे येते. इंटरनेटने माणसाला माणसांपासून तोडले, पडद्यावरचे नाते हे नात्याचे सोंग आहे, आणि हे कलाकार स्वतःच्या देहाने नेमके हेच सिद्ध करत आहेत, असे ते मत. ते आता इतके रुळले आहे की परफॉर्मन्स आर्टची समीक्षा बहुधा तिथूनच सुरू होते आणि तिथेच संपते. मला ते मान्य नाही. का मान्य नाही, ते पुरावे मांडून सांगतो. निवाडा वाचकांनी करावा.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडणे अन्यायाचे ठरेल. अभ्यासक शेरी टर्कल यांचे ‘अलोन टुगेदर’ हे पुस्तक २०११ साली आले, आणि या मताला विद्वत्तेचे भक्कम पाठबळ मिळाले. युक्तिवाद असा: माणूस घराबाहेर पडतो तो गरजेपोटी. काम, करमणूक, गप्पा, किराणा, सारे घरपोच मिळू लागले की गरज सरते आणि दार आपोआप लागते. शिवाय समोरासमोरच्या भेटीत संकोच, राग, अबोला सोसावा लागतो. पडद्यावर नकोसा झालेला माणूस एका बोटाने दूर सारता येतो, म्हणून तिथले नाते कधी मुरतच नाही. आणि कोंडून घेणारा कलाकार? तो स्वेच्छेने आत जातो, ठरल्या दिवशी बाहेर येतो. खऱ्या एकाकी माणसाचे दुःख त्याला कुठून कळणार? त्याच्याकडून फार तर आपल्या काळाला इशारा मिळेल.

युक्तिवाद सुबक आहे. मात्र ज्या कलाकृती त्याच्या बाजूने साक्षीला काढल्या जातात, त्या प्रत्यक्ष तपासल्या की उलटीच साक्ष देतात.

आधी काळाचा हिशेब पाहू. महिनोन् महिने, वर्षानुवर्षे घराबाहेर न पडणाऱ्या हिकिकोमोरींविषयीचे मानसोपचारतज्ज्ञ साइतो तामाकी यांचे गाजलेले पुस्तक १९९८ चे. त्यातले रुग्ण त्याआधीच्या वर्षांत त्यांच्याकडे येत होते, म्हणजे सामान्य जपानी घरात इंटरनेट पोचण्यापूर्वी. आयफोन आला २००७ साली. पुढे जपान सरकारने २०१९ मध्ये ४० ते ६४ वयोगटातल्या हिकिकोमोरींचा अंदाज ६ लाख १३ हजार असा जाहीर केला. या लोकांनी सांगितलेल्या कारणांत सर्वांत वर होते नोकरी सुटणे. दार लागले ते नोकरी गेल्यावर, आजारपण आल्यावर, माणसांशी बिनसल्यावर. कार्य आधी आणि कारण मागाहून, हे कोणत्या तर्कात बसते?

कलेच्या इतिहासातही हीच गत. तैवानहून आलेले आणि कागदपत्रांविना अमेरिकेत राहणारे तेहचिंग शे यांनी १९७८ च्या सप्टेंबरमध्ये न्यू यॉर्कमधल्या आपल्या स्टुडिओत लाकडी पिंजरा बांधला: ११.५ फूट लांब, ९ फूट रुंद, ८ फूट उंच. आत एक पलंग, बेसिन, दिवा, बादली. वर्षभर बोलायचे नाही, वाचायचे नाही, लिहायचे नाही, रेडिओ नाही, टीव्ही नाही. वकिलाने पिंजरा सीलबंद केला. शे रोज भिंतीवर एक रेघ ओढत आणि रोज त्यांचे एक छायाचित्र निघे. या पिंजऱ्यात इंटरनेट कुठे होते? आणखी एक गोष्ट समीक्षक पटकन ओलांडून जातात. रोज एक मित्र येई, जेवण ठेवी, बादली घेऊन जाई. वर्षभर, न चुकता, एक शब्दही ऐकायला न मिळता. माझ्या मते ही कलाकृती दोघांची आहे. एकाचे आत असणे दुसऱ्याच्या येण्यावर तोललेले आहे. कोंडून घेण्याची कला पाहताना आतल्या माणसाकडे सगळेच बघतात. बाहेर कोण आहे, हे विचारल्याखेरीज ती कळत नाही.

आता स्वेच्छेचा आक्षेप. त्याला उत्तर द्यायला योकोहामाचे कलाकार वातानाबे आत्सुशी पुरेसे आहेत. ते स्वतः हिकिकोमोरी होते. खोलीतून बाहेर पडले त्या दिवशी त्यांनी स्वतःचे आणि त्या खोलीचे छायाचित्र काढले. ती त्यांच्या पुढच्या कलेची सुरुवात ठरली. २०१४ मध्ये त्यांनी एका तातामी चटईएवढ्या काँक्रीटच्या घरात स्वतःला आठवडाभर चिणून घेतले आणि आतून भिंत फोडून ते बाहेर आले. अशा माणसाला ‘तुला खरे दुःख काय कळणार’ असे कोण विचारणार? तरी वादासाठी आक्षेप मान्य करू: त्या आठवड्यात त्यांना सुटकेचा दिवस ठाऊक होता. म्हणूनच वातानाबे तिथे थांबले नाहीत. अजून आत असलेल्यांकडे ते वळले. तिथवर जायला रस्ता कोणता होता? घरी जाऊन दार ठोठावणे? हे तर आईबापांनी वर्षानुवर्षे करून पाहिलेले असते.

वातानाबे यांनी इंटरनेटवरून आवाहन केले: तुमच्या खोलीचे छायाचित्र तुम्हीच काढा आणि पाठवा. छायाचित्रे आली. ज्या खोलीत सख्ख्या माणसाला प्रवेश नव्हता, तिचे दृश्य तिच्यात राहणाऱ्याने आपल्या हाताने बाहेर धाडले. त्यांचा दुसरा उपक्रम मला त्याहून मोलाचा वाटतो. लोकांनी नाव न देता मनाची जखम लिहून इंटरनेटवरून पाठवायची. वातानाबे तो मजकूर काँक्रीटच्या गोल चकतीवर उतरवतात, चकती फोडतात आणि तुकडे किन्त्सुगीच्या रीतीने पुन्हा जोडतात. किन्त्सुगीत सांधा लपवत नाहीत, सोनेरी करून दाखवतात. चकतीवर कुणा अनोळखी माणसाचे वाक्य असते आणि त्या वाक्यातून सोनेरी भेगा गेलेल्या असतात. लिहिणारा कोण, हे वातानाबे यांनाही ठाऊक नसते. हे नात्याचे सोंग म्हणायचे? मग एखाद्याचे दुःख दिवसभर हाताखाली घेऊन सांधत बसणे याला काय म्हणायचे?

पूर्वपक्षाला एक बळकट पुरावा मीच काढून देतो. इराकी कलाकार वफा बिलाल २००७ मध्ये शिकागोच्या एका गॅलरीत महिनाभर राहिले. समोर रंगाच्या गोळ्या झाडणारी बंदूक, आणि ती जगातल्या कुणालाही इंटरनेटवरून चालवता येत होती. ६० हजारांहून अधिक गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांचा भाऊ २००४ मध्ये इराकमधल्या हल्ल्यात मारला गेला होता. दुरून बटण दाबून मारणे म्हणजे काय, हे त्यांना दाखवायचे होते. क्रौर्य दिसले, निर्विवाद दिसले. मी ते कमी लेखत नाही. पण त्याच महिन्यात काही अनोळखी लोकांनी आपसांत पाळ्या लावल्या. बंदुकीवर ताबा मिळवून ते तिचे तोंड सतत डावीकडे वळवत राहिले, म्हणजे गोळी बिलाल यांना लागू नये. तीच तार, तोच पडदा, तेच बटण. मग दोष तारेचा कसा?

डच कलाकार ड्रीस फेरहूफेन यांचे उदाहरण तर पूर्वपक्षाचे आवडते असायला हवे. २०१४ मध्ये ते बर्लिनच्या भर चौकात काचेच्या खोलीत राहिले. ग्राइंडर या समलिंगी पुरुषांच्या डेटिंग ॲपवरून ते पुरुषांना बोलवत, ते बुद्धिबळ खेळायला, पॅनकेक करायला, अशा साध्या कामांसाठी. आणि ते संवाद पडद्यावर चौकाला दाखवत. ॲपवरची जवळीक उथळ आहे, हेच त्यांना म्हणायचे होते. समोरच्यांना आपले शब्द चौकात झळकत आहेत याची कल्पना नव्हती. संतापाची लाट उठली आणि १५ दिवसांचा प्रयोग पाचव्या दिवशी बंद करावा लागला. इथे पूर्वपक्षाला एकच प्रश्न आहे. ॲपवरचे ते बोलणे पोकळ असेल, तर ते उघड झाल्यावर मोडले काय? ज्यांचा विश्वासघात झाला त्यांनी विश्वास टाकलेला होता, हे उघड आहे. फेरहूफेन यांनी जे नाही असे ठरवले होते, ते त्यांच्याच प्रयोगाने चौकात आणून दाखवले.

ऑनलाइन भेट ही प्रत्यक्ष भेटीची जागा घेते, असा दावा माझा नाही. वातानाबे यांचाही नाही. ते काँक्रीट हातानेच फोडतात, प्रदर्शन गॅलरीतच मांडतात. दावा मर्यादित आहे: ज्याचे दार आधीच लागलेले आहे त्याच्यापर्यंत पोचणारी तार ही त्याला आत कोंडणारी तार नव्हे. हे खोडायचे असेल तर पूर्वपक्षाने वातानाबे यांच्याकडे खोलीचे छायाचित्र पाठवणाऱ्या माणसाला दुसरा कोणता मार्ग मोकळा होता, ते दाखवावे.