इंद्रसभेतली सून



डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नातीची शाळा बंद होती, म्हणून आम्ही पाचजण गाडीने वेरूळला जाऊन आलो. पनवेलहून पुणे, तिथून नगर, मग संभाजीनगर. सोबत दशम्या, लसणाशिवायची शेंगदाण्याची चटणी, खाकरे आणि गाळलेल्या पाण्याचा कॅन. नगरच्या पुढे रस्त्याला जागोजाग हुरड्याच्या पाट्या लागल्या, पण त्या दिवशी नेमकी चतुर्दशी. हिरवं वर्ज्य. वासावर समाधान मानून पुढे गेलो. आमचे हे मात्र संभाजीनगर येईपर्यंत त्याबद्दल बोलत होते.

वेरूळ मी पूर्वी पाहिलं होतं असं मला वाटत होतं. १९८६ साली सासूबाईंबरोबर यात्रेच्या बसने गेलो होतो. कैलास लेणं पाहिलं, उसाचा रस प्यायलो आणि बस निघाली. सासूबाई सारख्या विचारत होत्या, "आपली लेणी कुठं आहेत?" बरोबरच्या माणसाने हात उत्तरेकडे करून सांगितलं, "लांब आहेत, काही खास नाही." सासूबाई २००९ साली गेल्या. त्यांनी ती लेणी पाहिलीच नाहीत. यावेळी मी घरातूनच बजावून निघाले होते की आधी आपली लेणी, वेळ उरला तर बाकीचं. (तसं झालं नाही. नातीला कैलासातले हत्ती आधी पाहायचे होते.)

वेरूळला क्रमांक दिलेली ३४ लेणी आहेत. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ आपली. क्रमांक दक्षिणेकडून उत्तरेकडे दिलेत, म्हणून आपली शेवटी येतात. काळानेही ती साधारण शेवटचीच, नवव्या-दहाव्या शतकाच्या आसपासची. कैलासापासून ती चांगली लांब पडतात, आणि दमलेले लोक तिथपर्यंत जातच नाहीत. एक सूचना: लेणी मंगळवारी बंद असतात, तेव्हा वार बघून निघा.

हा सगळा डोंगर म्हणजे आपलाच काळा पाषाण. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला आणि दख्खन झालं. आपल्या पनवेलजवळचा कर्नाळ्याचा सुळका त्याच लाव्ह्याचा. नातीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग कर्नाळ्यात का नाही कोरलं?" उत्तर नव्हतं. आमच्या बाजूला अलीकडे विमानतळासाठी उलव्याची टेकडी सुरुंग लावून सपाट केली, ते मात्र आठवलं. इथे डोंगर जागेवर ठेवून आतला नको तेवढा दगड काढला. तोही वरून खाली, म्हणून इंद्रसभेत वरचा मजला पूर्ण आणि खालचा अर्धवट राहिलेला दिसतो. मी कॉमर्सची. वहीत चुकलं तर उलट नोंद करून हिशोब जुळवता येतो, इथे छिन्नीने उडालेला कपचा परत जमा होत नाही.

३० व्या लेण्याला छोटा कैलास म्हणतात, कारण मोठ्या कैलासाची ती लहान आवृत्ती आहे. ३२ वं इंद्रसभा, ३३ वं जगन्नाथसभा. ही नावं लोकांनी मागाहून पडलेली. कोरणाऱ्यांनी काय नावं ठेवली होती कोण जाणे. ३२ व्या लेण्याच्या अंगणात एकाच दगडातलं चौमुखी मंदिर आहे, मानस्तंभ आहे, एक मोठा दगडी हत्ती आहे. वर गेलं की जिकडे पाहावं तिकडे जिनप्रतिमा, छतावर जुन्या रंगांच्या खुणा. एका बाजूला पार्श्वनाथ, त्यांच्यावर कमठाचा उपसर्ग चाललेला, धरणेंद्राने फणा धरलेला. समोर बाहुबली, अंगावर वेली चढलेल्या. शेजारच्या स्त्रियांना कोणी विद्याधरी म्हणतात, कोणी ब्राह्मी-सुंदरी. ही जोडी समोरासमोर वेरूळला पुन्हा पुन्हा दिसते. एकाला बाहेरून त्रास होतोय, दुसऱ्याला झाडंही उभा दगड समजलीत. दोघांचे चेहरे मात्र सारखेच शांत.

मग इंद्र कुठला? हत्तीवर बसलेला एक यक्ष आहे, त्याला लोकांनी ऐरावतावरचा इंद्र ठरवलं. त्याच्या जोडीची, सिंहावर बसलेली स्त्री, मग ओघाने इंद्राणी झाली. एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकांतही हीच नावं चालली. पण त्या मूर्तीसमोर दोन मिनिटं नीट उभ्या राहा. डोक्यावर आंब्याचं झाड आहे, फळांनी लगडलेलं, त्यावर मोर बसलेत. मांडीवर मूल. खाली सिंह. आपल्यातली कुठलीही आजी सांगेल, ही अंबिका, नेमिनाथांची शासनदेवता. काही पुस्तकांत तिला महावीरांची सिद्धायिका म्हटलंय, कारण गाभाऱ्यात महावीर आहेत. पण आंबा आणि मूल पाहिल्यावर मला तरी शंका उरत नाही.

शासनदेवतांना पुजावं की नाही हा वाद आपल्यात जुना आहे, तो इथे काढत नाही. मी हात जोडले एवढंच.

आता तिची गोष्ट. तपशील ग्रंथागणिक बदलतात. आपल्या दिगंबर परंपरेत ती अग्निला, गिरनारच्या परिसरातल्या सोमशर्मा नावाच्या ब्राह्मणाची बायको, दोन मुलांची आई. घरी श्राद्ध होतं. ब्राह्मण जेवायचे होते, स्वयंपाक तयार होता. दारात एक जैन मुनी आले आणि तिने त्यांना आहार दिला. ब्राह्मण रागावले, अन्न उष्टं झालं म्हणून उठून गेले. सासू संतापली, नवऱ्याने तिला मुलांसकट घराबाहेर काढलं. वाटेत मुलं तहानली, भुकेली झाली, तेव्हा कोरडं तळं भरलं आणि आंब्याला अवेळी फळं धरली. इकडे घरातली रिकामी भांडी अन्नाने भरली, आणि मग तिला आणायला नवरा निघाला. त्याला येताना पाहून, हा आता मारायलाच येतोय असं वाटून तिने जीव दिला. ती यक्षी झाली, आणि नवरा पुढच्या जन्मी तिचा सिंह.

ही गोष्ट मी पहिल्यांदा सासूबाईंकडून ऐकली. त्या सांगताना सासूचा भाग गाळायच्या. मला तो कित्येक वर्षांनी मंदिरातल्या एका पुस्तकात वाचायला मिळाला आणि हसू आलं. यावेळी मूर्तीसमोर नातीला सांगायला लागले, आणि सासूपाशी आल्यावर माझीही जीभ अडखळली. कारण मागे आमची सून उभी होती.

आमची सून आपल्यातली नाही. लग्नाला बारा वर्षं झाली. पहिल्या वर्षी आमच्याकडे चौका लावला होता. मुनिमहाराज गावात होते, पहाटेपासून सोवळ्यात स्वयंपाक, विहिरीचं पाणी, सगळं. पडगाहनाला दारात उभं राहायला दहा मिनिटं होती. तेवढ्यात वॉचमनचा मुलगा जिन्यावर रडत बसलेला तिने पाहिला, आणि चौक्यातली खीर वाटीत काढून त्याला दिली. मी सगळ्यांसमोर जे बोलले ते इथे लिहीत नाही. त्या दिवशी महाराज आमच्या दारावरून दुसरीकडे गेले. त्याचं कारण खीर नव्हतं, त्यांचा नियम त्या घरी जुळला असेल, पण मी ते तिच्याच माथी मारलं. ती दुपारी माहेरी गेली, ती नऊ दिवसांनी आली.

चौक्याची शुद्धी मी आजही पाळते आणि ती पाळावी असंच माझं मत आहे. पण अंबिकेपुढे उभी राहून मला एकदम कळेना की मी कुठल्या बाजूला उभी आहे. इतकी वर्षं मी स्वतःला अग्निला समजत आले होते. दान देणारी, आपली. मी गोष्ट पूर्ण सांगितली, सासूसकट. सून मोबाईलवर मूर्तीचा फोटो काढत होती. ऐकत होती की नाही, कळलं नाही.

तिथून माझं लक्ष पायाशी जायला लागलं. जिनप्रतिमांच्या खाली, कोपऱ्यांत, हात जोडलेली लहान लहान माणसं आहेत. स्त्रिया आणि पुरुष. लिसा ओवेन या अभ्यासक बाईंनी वेरूळच्या जैन लेण्यांवर एक पुस्तक लिहिलंय, २०१२ चं, त्यात या भक्तांकडे त्यांनी बारकाईने पाहिलंय. लेखही आहेत, पण फार छोटे. इंद्रसभेत एका शांतिनाथ प्रतिमेपाशी सोहिल नावाच्या ब्रह्मचाऱ्याचं नाव आहे. जगन्नाथसभेत नागवर्म्याचं, जुन्या कन्नड लिपीत. कन्नड का? तेव्हा इथे राष्ट्रकूटांचं राज्य आणि त्यांची राजधानी मान्यखेट, आजचं कर्नाटकातलं मळखेड. कैलास लेण्याशी ज्याचं नाव जोडलं जातं तो कृष्णराज पहिला याच घराण्यातला, आठव्या शतकातला. पुढे नवव्या शतकात अमोघवर्ष झाला. आदिपुराण लिहिणारे आचार्य जिनसेन त्याचे गुरू. त्याच्याच काळात महावीराचार्यांनी गणितसारसंग्रह लिहिला. त्यात व्याजाची गणितं आहेत, हे कळल्यावर मला माहेरचं कोणी भेटल्यासारखं वाटलं. एवढा मोठा राजा, पण या लेण्यांचे जे लेख मी वाचले त्यांत राजा कुठेच नाही. एकाने एक मूर्ती दिली, दुसऱ्याने दुसरी. आपण आजही मंदिरात फरशीवर नाव घालतो, तसंच.

याचा सगळ्यात सुंदर पुरावा वर डोंगरात आहे. जैन लेण्यांच्या वरच्या अंगाला पायऱ्या चढून गेलं की पार्श्वनाथांची सुमारे सोळा फुटांची बसलेली मूर्ती आहे. गुडघ्यांमुळे मी चढू नये असं घरात ठरलं होतं. मी चढले. सून एक पायरी मागे राहून चालत होती. हात धरला नाही, पण पुढेही गेली नाही.

मूर्तीच्या आसनावर संस्कृत लेख आहे. शके ११५६, जय संवत्सर, फाल्गुन तृतीया, बुधवार. म्हणजे इ. स. १२३५. तेव्हा देवगिरीला यादव सिंघण राज्य करत होता, पलीकडेच, पण लेख त्याच्याबद्दल नाही. लेखातली हकीकत अशी की, वर्धनपूर गावच्या घराण्यात गालुगी झाला, त्याची बायको स्वर्णा. त्यांना चार मुलं, त्यांत चक्रेश्वर दानात मोठा. त्याने चारणमुनींचा वावर असलेल्या या डोंगरावर पार्श्वनाथ आणि जिनांच्या पुष्कळ मोठ्या प्रतिमा करवल्या, दानातून आपली कर्मं जाळली, आणि भरताने कैलासाला तीर्थ केलं तसं या चारणाद्रीला तीर्थ केलं.

कैलास इथेही आलाच. खालच्या १६ नंबरच्या लेण्यातला कैलास शंकराचा, आणि वरच्या लेखातला कैलास म्हणजे जिथे ऋषभदेव मोक्षाला गेले तो. एकाच डोंगरावर दोघांना आपापला कैलास मिळाला.

पण मी थांबले ती स्वर्णा या नावापाशी. ती राणी नव्हती. कुणाची तरी बायको, चार मुलांची आई. एवढीच ओळख, आणि ती जवळजवळ आठशे वर्षं दगडात आहे. मुलाने दान दिलं, पण दान द्यायची सवय घरात कोणी लावली असेल? हा माझा अंदाज आहे, लेखात नाही. मी सासूबाईंचं नाव मनात घेतलं आणि त्यांच्या वाटचा नमस्कार केला. १९८६ चा राहिलेला.

उतरायला लागलो तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. डिसेंबरात तिकडे सहाच्या आत सूर्य जातो आणि डबे खाली गाडीत होते. नात दोन-दोन पायऱ्या उड्या मारत होती. मध्येच थांबून तिने विचारलं, "आजी, मग त्या सासूचं काय झालं?"

मी काही बोलायच्या आत सून म्हणाली, "तिनेच मुलाला पाठवलं ना, जा, तिला घेऊन ये म्हणून. पण तोपर्यंत उशीर झाला होता."

"आणि तुला आणायला कोण आलं होतं?" नातीला ती खिरीची गोष्ट कोणी सांगितली, मला माहीत नाही.

"आजी आली होती," सून म्हणाली. "एसटीने, एकटी. आता पाय उचल, सूर्य बुडायच्या आत आजीला जेवायचंय."