‘२ किलोमीटरची टॉर्च’ खरंच २ किलोमीटरवरचं दाखवते का? एलईपी टॉर्चची चाचणी कशी करतात?

रात्रीच्या आकाशात काठीसारखा सरळ, पांढराशुभ्र झोत जाताना दाखवणारे टॉर्चचे रील्स तुम्ही पाहिले असतील. या टॉर्चच्या खोक्यावर १ किलोमीटर, २ किलोमीटर असे आकडे छापलेले असतात. हे आकडे येतात कुठून आणि ते किती मनावर घ्यायचे, ते समजून घेऊ.

एलईपी म्हणजे काय?

या टॉर्चमध्ये निळा लेझर असतो, पण तो थेट बाहेर पडत नाही. तो फॉस्फर नावाच्या पदार्थाच्या छोट्याशा ठिपक्यावर आदळतो. त्या ठिपक्यातून पिवळा प्रकाश निघतो आणि उरलेल्या निळ्यात मिसळून पांढरा दिसतो. पुढचं भिंग या प्रकाशाचा अरुंद झोत तयार करतं. ठिपका जितका लहान आणि प्रखर, तितका झोत लांब जातो. बीएमडब्ल्यू आय८ या कारच्या लेझर हेडलाइटमध्येही हेच तत्त्व वापरलं आहे.

ल्युमेन आणि कँडेला यांत फरक काय?

ल्युमेन म्हणजे टॉर्चमधून सगळ्या दिशांना मिळून किती प्रकाश बाहेर पडतो, त्याचं माप. कँडेला म्हणजे एकाच दिशेला तो किती तीव्र आहे, त्याचं माप. एसबीम कंपनीच्या डब्ल्यू३० या एलईपी टॉर्चचे जाहीर आकडे पाहा: ५०० ल्युमेन, १४ लाख ५० हजार कँडेला आणि पल्ला २४०८ मीटर. घरातला ९ वॉटचा एलईडी बल्बसुद्धा ५०० ल्युमेनपेक्षा जास्त प्रकाश देतो. पण बल्बचा प्रकाश खोलीभर पसरतो आणि टॉर्चचा एका रेषेत जातो. म्हणूनच लांब पल्ल्याची टॉर्च घेताना ल्युमेनपेक्षा कँडेलाचा आकडा महत्त्वाचा.

पल्ला कसा ठरतो?

टॉर्चच्या मोजमापासाठी अमेरिकेत २००९ मध्ये एफएल-१ हे मानक आलं. जगभरातल्या अनेक कंपन्या तेच वापरतात. ज्या अंतरावर झोताचा प्रकाश ०.२५ लक्स इतका उरतो, तो त्या टॉर्चचा पल्ला. ०.२५ लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड.

हे अंतर प्रत्यक्ष चालून मोजत नाहीत, गणिताने काढतात. कँडेलाच्या आकड्याचं वर्गमूळ काढून त्याची दुप्पट केली, की पल्ला मीटरमध्ये मिळतो.

चाचणी कशी करतात?

१. बॅटरी पूर्ण चार्ज करून टॉर्च लावतात आणि निदान ३० सेकंद थांबतात. सुरुवातीचा उजेड पुढे टिकतोच असं नाही.

२. अंधाऱ्या, लांब जागेत झोताचा सर्वात प्रखर भाग लक्स मीटरवर पाडतात.

३. आलेल्या लक्सला अंतराच्या वर्गाने गुणलं की कँडेला मिळतात. समजा ३० मीटरवर १००० लक्स आले. ३० चा वर्ग ९००, म्हणजे ९ लाख कँडेला. पल्ला झाला सुमारे १९०० मीटर.

इथे एक चूक हमखास होते. घरातल्या खोलीत २ मीटरवर मोजलं, तर एलईपीचं उत्तर चुकतं. हा झोत सुरुवातीला जवळजवळ समांतर जातो, त्यामुळे वर्गाचं गणित काही अंतर गेल्यावरच लागू होतं. म्हणून १० मीटर आणि ३० मीटर अशा दोन्ही ठिकाणी मोजावं. दोन्हींतून वेगवेगळे कँडेला आले, तर लांबचं उत्तर धरावं. मोबाइलमधल्या लक्स अ‍ॅपवर विसंबू नये, कारण त्याचा सेन्सर अशा मोजमापासाठी बनवलेला नसतो.

मग २ किलोमीटरवरचं दिसणार का?

बहुतेक वेळा नाही. पल्ल्याच्या टोकाला फक्त चांदण्याइतका उजेड पोहोचतो आणि तोही हवा अगदी स्वच्छ असेल तर. तुम्हाला दिसायचं, तर तो उजेड समोरच्या वस्तूवरून परत तुमच्या डोळ्यांपर्यंत यायला हवा. अंतर निम्मं केलं की वस्तूवर पडणारा प्रकाश चौपट होतो. म्हणून कामाचा पल्ला छापील आकड्याच्या निम्मा किंवा त्याहून कमीच धरावा. पावसाळ्यात घाटातल्या धुक्यात तर समोर नुसती पांढरी भिंत दिसते.

झोत अरुंद असल्याने पायाखालची वाटही नीट उजळत नाही. ट्रेकला जाताना सोबत साधी हेडटॉर्च हवीच.

धोका काय?

असा झोत जवळून कुणाच्याही डोळ्यांवर मारू नये. चाचणी करताना समोरून कुणी येणार नाही, याची खात्री करावी. आरसा किंवा काचेवरून परतणारा झोतही तितकाच त्रासदायक असतो. टॉर्च पडून आतला फॉस्फर फुटला, तर निळा लेझर थेट बाहेर येऊ शकतो. अशी टॉर्च लावून पाहू नये किंवा घरी उघडू नये.

विमानाच्या दिशेने झोत मारणं तर सर्वात गंभीर. उतरत्या विमानाच्या वैमानिकाचे डोळे त्याने दिपू शकतात. मुंबई पोलिसांनी विमानतळ परिसरात विमानांवर लेझर झोत मारण्याविरुद्ध वेळोवेळी बंदी आदेश काढले आहेत.

थोडक्यात

खोक्यावर मीटर आणि कँडेला दोन्ही दिले असतील, तर कँडेलाचं वर्गमूळ काढून दुप्पट करा. उत्तर छापील मीटरशी जुळत नसेल, तर त्या दाव्यावर विश्वास ठेवू नका. जुळलं, तरी त्यातलं निम्मंच अंतर आपलं समजा.